मुख्याध्यापिकाबाईंच्या चेहऱ्यावरचे धुके

या जगात जे काही बिघडते ते माणसाने माप सोडल्यामुळे बिघडते, आणि ज्याने माप सांभाळले त्याच्या हातून काडीही वाकडी होणे शक्य नाही, असे निरीक्षकांचे ठाम मत होते. हे मत त्यांनी त्या दुपारी रिकाम्या खोलीला खणखणीत आवाजात ऐकवले, आणि समाधानाने टेबलावर कोपर टेकवले. टेबलावर नेमक्या त्या जागी मेणाचे पसरट भांडे निवायला ठेवलेले होते. ते पुरते निवलेले नव्हते.

निरीक्षक वजनमाप खात्यात होते. दुकानदारांच्या तराजूंना शिक्के मारण्यात त्यांची उमर गेली होती, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना निरीक्षक याच नावाने ओळखे. बायको ‘अहो’ म्हणे आणि आई ‘अरे’ म्हणे, आणि या ‘अहो’ आणि ‘अरे’ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते बरीच वर्षे सुखाने, म्हणजे अंग चोरून, राहत होते.

घराची मागची खोली बायकोचा स्टुडिओ होती. बायको मेणाने चित्रे काढायची. मेणाचे पुतळे नव्हेत, चित्रे. हा खुलासा निरीक्षकांना ऑफिसात दर आठवड्याला करावा लागे. मधमाशांचे मेण आणि झाडाची राळ एकत्र वितळवायची, त्यात रंग कालवायचा, आणि गरम असतानाच लाकडी फळीवर ब्रशने चढवायचा. डब्यातून फळीपर्यंत जाईजाईतो ब्रशवरचे मेण थिजायला लागते, म्हणून हात चपळ हवा. एक थर झाला की हीट गनने त्याच्यावर गरम हवेचा झोत फिरवायचा, म्हणजे तो खालच्या थराला धरून बसतो. मग दुसरा थर, मग तिसरा. या कामात खोडरबर नसते. चुकले तर खरवडायचे, नाहीतर वरून झाकायचे. “संसारासारखंच आहे,” असे बायको एकदा म्हणाली होती. निरीक्षकांनी लगेच पंख्याचा विषय काढला होता.

खोली मोठी छान होती. खिडकीखाली विजेवर तापणारा सपाट तवा, त्यावर रंगांचे छोटे डबे ओळीने बसलेले, आणि प्रत्येक डब्यात आपला आपला ब्रश, उन्हात पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखा. मेण आणि राळ तोलायचा काटा कोपऱ्यात होता; त्याला निरीक्षकांनी स्वतः खात्याचा शिक्का मारून दिला होता, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. एका पेल्यात दातांच्या दवाखान्यातले टोकाला वाकलेले जुने आकडे, सुया आणि चिमुकले चमचे उभे होते. शेजारच्या दंतवैद्यांनी निवृत्त होताना ते खरवडायला म्हणून देऊन टाकले होते. आणि सगळ्यावर तो वास. मधाचा, पण गोड नव्हे. जुन्या लाकडी कपाटात कुणीतरी दुपार घडी करून ठेवावी आणि बऱ्याच वर्षांनी उघडावी, तसा. त्या वासात पाच मिनिटे उभे राहिले की माणसाला आपण कशासाठी आलो होतो ते आठवेनासे होई.

खोलीच्या मधोमध, चित्र टेकवायच्या लाकडी घोडीवर निरीक्षकांच्या आईचे चित्र होते.

आई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी जग त्यांना बाईच म्हणे, आणि त्याही जगाकडे हजेरी घेतल्यासारख्याच बघत. शाळेच्या सभागृहात आजवरच्या मुख्याध्यापकांची चित्रे रांगेने लावलेली होती, बाईंचीच जागा रिकामी होती. ती उद्या सकाळी भरायची होती. चित्र काढायचे काम शाळेने सूनबाईंकडे दिले, आणि घरात इतिहास घडला. वर्षानुवर्षे ‘मीठ घ्या’, ‘दार लावा’ एवढ्यावर चाललेले सासू-सुनेचे बोलणे रोज दुपारी या खोलीत तासभर चालू लागले. बाई खुर्चीत बसत, सून रंग चढवत राही. आतून कधी कुजबुज ऐकू येई, कधी नुसता हीट गनचा घूंऽऽऽ. आणि मागच्या आठवड्यात पुरे झालेले चित्र बघून बाई म्हणाल्या होत्या, “ठीक आहे.”

ज्यांना बाई ठाऊक नाहीत त्यांना याची किंमत कळणार नाही. बाईंनी निरीक्षकांच्या नोकरीला ठीक आहे म्हटले नव्हते, लग्नाला म्हटले नव्हते, निरीक्षकांना तर नाहीच. बायको त्या रात्री ताट वाढताना गुणगुणत होती. लग्नानंतर ती प्रथमच गुणगुणत होती, आणि निरीक्षकांना तिला आवाज आहे हे तेव्हा कळले.

चित्र होतेही तसेच. ओठ घट्ट मिटलेले, भुवया एका रेषेत, आणि डोळ्यांत अशी नजर, की समोर उभ्या राहिलेल्या माणसाचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जावा.

“अहो, मी हुक आणायला चालले,” बायको निघताना म्हणाली होती. “जाड हुक पाहिजेत, फळी जड आहे. संध्याकाळी शाळेचा शिपाई गाडी घेऊन येईल. तोवर एवढंच करा, चित्रावर ऊन येऊ देऊ नका.”

“आलं तर?”

“पडदा ओढा. आणि कशाला हात लावू नका.”

“मी कशाला हात लावीन?”

“बघितलंत तरी चालेल. हात लावू नका.”

“अगं, बघणं हीच माझी नोकरी आहे,” निरीक्षक म्हणाले. ती गेली. बाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मग निरीक्षकांनी मापाबद्दलचे ते मत मांडले आणि कोपर टेकवले, ते आपण बघितलेच.

मेण निवले तेव्हा उजव्या बाहीला कोपरावर एक टणक वाटी बसली होती. हात वाकेना. निरीक्षकांनी तो सरळच ठेवायचे ठरवले, आणि रहदारीच्या पोलिसासारखा पुढे धरून ते चित्राकडे बघत उभे राहिले.

तेव्हा त्यांना धुके दिसले.

बाईंच्या चेहऱ्यावर पांढुरकी, अस्पष्ट साय धरली होती. गालांवर, कपाळावर, ओठांवर. निरीक्षकांना हे नवीन नव्हते. नव्या मेणाला गारव्यात असे धुके येते आणि बायको मऊ फडक्याने ते हलकेच पुसते, हे त्यांनी पाहिले होते. पुसल्यावर चित्र आतून दिवा लावल्यासारखे उजळते. फडकेही त्यांच्या परिचयाचे होते. त्यांचीच जुनी बनियन. पण आज तिची जागा रिकामी होती, ती बाहेर दोरीवर ओली लोंबत होती.

निरीक्षकांनी शास्त्रशुद्ध विचार केला. धुके कशाने जाते? उन्हाने. चित्रावर ऊन येऊ द्यायचे नाही, हा हुकूम आहे. म्हणजे उन्हाशिवायची ऊब पाहिजे. उन्हाशिवायची ऊब खोलीत एकाच वस्तूत होती, आणि तिच्यावर ‘मंद’ अशी स्पष्ट खूण होती. हात लावू नका म्हटले होते खरे, पण ते चित्राला. हवेला कसला आलाय हात?

त्यांनी हीट गन उचलली. उजवा हात वाकत नसल्यामुळे ती आपोआपच योग्य अंतरावर राहिली. घूंऽऽऽ सुरू झाले. आणि खरेच, कपाळावरचे धुके विरघळले, खालून आईचे कपाळ वर आले, तुकतुकीत, जिवंत. निरीक्षक सुखावले. झोत गालांवर आला. मेणाचा वास जागा झाला आणि खोलीभर हळूहळू पसरला. तव्यावरचे डबे मंद चमकत होते. पडदा श्वास घेतल्यासारखा आत येत होता, बाहेर जात होता. घूंऽऽऽ.

निरीक्षकांना ताप आलेला होता. ते लहान होते. कुणीतरी कपाळावर हात ठेवला होता, त्या हाताला खडूचा वास होता, आणि दिव्यामागून एक चेहरा त्यांच्यावर वाकला होता. त्या चेहऱ्याला भुवया एका रेषेत ठेवायचे भान नव्हते. तो चेहरा काहीतरी म्हणत होता, झोप रे, शाळा कुठे पळून जात नाही, असेच काहीतरी. शाळा पळून जात नाही, हे बाईंच्या तोंडी? निरीक्षक त्या उबेत खोल खोल उतरत गेले…

डोळे उघडले तेव्हा बाईंच्या ओठांची डावी कड खाली ओघळून हनुवटीपाशी थेंब होऊन थांबली होती, आणि उजवी कड वर गेली होती. ऐटीत. बाई मिश्कील दिसत होत्या.

निरीक्षकांच्या पायांखालची फरशी मेणाची झाली. त्यांनी गन बंद केली. बाई मिश्कीलच राहिल्या. दारू न पिणाऱ्या माणसाने दारूच्या दुकानावर छापा घालताना जसा चेहरा करावा, तसा त्यांनी चेहरा केला आणि अंगठ्याने ती उजवी कड खाली दाबली. मऊ मेणात अंगठ्याचा ठसा उमटला. आता बाईंच्या गालावर निरीक्षकांची ओळख पटण्यासारखा पुरावा होता.

“वाऽ! आज जोरात दिसतंय काम!” दारातून आवाज आला.

शेजारचे दंतवैद्य होते. ते वासावर येत. जन्मभर कवळ्यांचे साचे मेणात केल्यामुळे तापल्या मेणाचा वास भिंतीपलीकडे गेला की त्यांना तारुण्य आठवे, आणि ते वर्तमानपत्र टाकून चपला शोधू लागत.

“वहिनी नाहीत का? आणि तुमच्या हाताला काय झालं?”

“डॉक्टर, दार लावा,” निरीक्षक म्हणाले. “आणि हळू बोला. आई झोपलीय.”

दंतवैद्यांनी चित्र पाहिले. मग जवळ जाऊन पाहिले. मग सवयीने म्हणाले, “कधीपासून होतंय असं?”

“आत्ता. पाच मिनिटं.”

“हं. काळजी करू नका. मेण आहे. मेणाला मी उभं आयुष्य ओळखतो.” त्यांनी पेल्यातून आपलाच एक जुना आकडा उचलला, बोटांत फिरवला आणि जुना मित्र भेटावा तसे त्याच्याकडे हसून पाहिले. “हा जो ओघळ आहे ना, तो काढू. मग कड परत बसवू. दिवा धरा जरा.”

“शाळेचा शिपाई येणार आहे हो. आणि ती त्याच्याआधी येईल. तिनं एवढं जीव ओतून… पहिल्यांदाच दोघींचं…”

“तोंड मोठं करा,” दंतवैद्य चित्राला म्हणाले, आणि कामाला लागले.

त्यांचा हात अजून हलका होता. मेणाची पातळ फीत सुटून आकड्याभोवती गुंडाळली जात होती. निरीक्षक दिवा धरून उभे होते. दंतवैद्य गुणगुणत होते. आणि मग ते गुणगुणायचे थांबले.

“निरीक्षकसाहेब.”

“काय?”

“इथे आधीच दात आहेत.”

“कुणाचे?”

“आता ते मी कसं सांगू? पेशंट तुमचा.”

निरीक्षकांनी वाकून पाहिले. मिटलेल्या ओठांचा थर जिथे सुटला होता तिथे खालून एक पारदर्शक, सोनेरी मेण दिसत होते, आणि त्याच्या तळाशी, तळ्याच्या तळाशी खडे दिसावेत तसे, दोन स्वच्छ दात.

“झाका! झाका ते!” निरीक्षक ओरडले, म्हणजे कुजबुजत ओरडले.

“झाका काय? मी जन्मात मिटल्या तोंडावर काम केलेलं नाही,” दंतवैद्य म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आता एक दूरची चमक आली होती. “आणि झाकायचं कशाने? वहिनी तो रंग कसा करतात मला ठाऊक नाही. आणखी थोडं बघू. मूळ कुठवर गेलंय ते कळल्याशिवाय उपचार करता येत नाही.”

मूळ बरेच लांब गेले होते. वरचा थर असा सहज सुटत होता, जणू तो सुटायची वाटच बघत होता. दोनाचे चार दात झाले, चाराचे पुढचे सगळे. ओठांच्या दोन्ही कडा वर गेल्या, अगदी गालांना खळ्या पडतील एवढ्या. तो अंगठ्याचा ठसाही फितीबरोबर निघून गेला. दंतवैद्य मागे सरले.

“सुंदर,” ते म्हणाले. “एकही किडका नाही.”

निरीक्षकांनी मागे जाऊन पाहिले आणि मटकन स्टुलावर बसले. मिश्कील बाई परवडल्या. आता बाईंचे डोळे शिस्त लावत होते आणि तोंड सुट्टी देत होते. एकाच चेहऱ्यावर तपासणी आणि सहल. या चित्राखाली उद्या प्रार्थना म्हणायची म्हटले तर पोरांनी बघायचे कुठे?

“हे असं अर्धवट ठेवणं बरं नाही,” दंतवैद्य म्हणाले.

“मग?”

“डोळ्यांचं माझं शिक्षण नाही झालेलं. पण खाली काहीतरी असणारच. तोंड हसतंय म्हणजे डोळे घरी थोडेच बसले असतील?”

निरीक्षक उठले. का उठले ते त्यांना नंतरही सांगता आले नाही. कदाचित तो वास असेल. कदाचित तापातल्या त्या चेहऱ्याचे डोळे त्यांना आठवायचे राहून गेले होते. त्यांनी पेल्यातला सगळ्यांत छोटा चमचा घेतला, सरळ हात पुढे केला आणि आईच्या डाव्या भुवईला हात घातला. ज्या भुवईपुढे ते पन्नाशीतही खिशातले शेंगदाणे लपवत, ती भुवई अलगद उचलून निघाली आणि चमच्यात वळकटी होऊन बसली. खाली दुसरी होती. कमानदार, सैल. तिच्याखाली डोळा होता, बारीक झालेला, कडेला सुरकुत्यांचा पंखा उघडलेला. मग दुसरा डोळा.

ऊन पडद्याच्या कडेने आत येऊन फरशीवर लोळत होते. जमिनीवर मेणाच्या फिती पडत होत्या, करड्या, तपकिरी, शिस्तीच्या रंगाच्या. आणि फळीतून एक बाई हळूहळू वर येत होती, लांबच्या गावाहून यावी तशी, खळखळून हसत. निरीक्षकांनी त्यांना कधीच पाहिले नव्हते, आणि तरीही त्या त्यांच्या चांगल्या ओळखीच्या होत्या.

दार उघडले. हातात हुकांची पुडी घेऊन बायको उभी होती.

तिने एकदा चित्राकडे पाहिले, एकदा फरशीवरच्या फितींकडे. मग पुडी खाली पडली आणि हुक फरशीभर पसरले.

“कुणी केलं हे?”

निरीक्षकांनी सरळ हात दंतवैद्यांकडे केला. तो तसाही तिकडेच होता. दंतवैद्यांनी आकडा निरीक्षकांकडे केला.

“अगं, धुकं आलं होतं,” निरीक्षक म्हणाले. “बनियन ओली होती.”

“आणि दात आधीच होते, वहिनी,” दंतवैद्य म्हणाले. “मी फक्त पोचलो.”

ती चित्रापाशी गेली. रागावणार, रडणार, दोन्ही करणार, असे वाटून निरीक्षक तिन्ही गोष्टींची तयारी करत होते. ती खुर्चीत बसली. बाई रोज बसत त्याच खुर्चीत.

“हे मी आधी काढलं होतं,” ती हळू म्हणाली. “सुरुवातीला. एक दिवस आई अशा हसल्या, खुर्ची हलत होती. मी तसंच काढलं. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, मुख्याध्यापिकेनं हसायचं नसतं, बुजवून टाक. मला खरवडवेना हो. म्हणून नुसत्या मेणाचा एक थर दिला आणि वरून त्यांना पाहिजे तसं काढलं. म्हटलं, आत राहील. कुणाला कळणार आहे?”

“कशाला हसली होती?” निरीक्षकांनी विचारले.

“जाऊ द्या.”

“सांग ना.”

“तुम्हालाच.” ती खाली बघू लागली. “लहानपणी म्हणे तुम्ही फूटपट्टी घेऊन स्वतःची सावली मोजायचा. आणि संध्याकाळी ती लांब भरली की रडत घरी यायचा, दुपारी मला कमी दिली म्हणून. आई म्हणाल्या, तेव्हाच कळलं हा कुठल्या खात्यात जाणार.”

निरीक्षकांना काय वाटावे ते कळेना. आपल्याला हसलेली आई एवढी सुंदर दिसते, हे कुणी आधी सांगितले असते तर त्यांनी पुष्कळ काही केले असते.

“वहिनी, परत झाकता येईल?” दंतवैद्यांनी विचारले.

“येईल. पण थर निवायला वेळ लागतो. आणि त्यांनी एकदा ठीक आहे म्हटलेलं. त्यांना कळलं की मी बुजवलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं, तर…” तिने पायाशी पडलेला एक हुक उचलला. “पुन्हा ते मीठ घ्या, दार लावा. मला ते नको झालंय हो.”

बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

पाठोपाठ आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, “अरे, आला का शिपाई? झोपलायस का उभ्या उभ्या?”

“आला, आला!” निरीक्षक म्हणाले, आणि धावत जाऊन चित्रापुढे उभे राहिले. उजवा हात पुढे होताच, डावाही पसरला. दंतवैद्यांनी पायाने मेणाच्या फिती टेबलाखाली ढकलल्या. एवढ्यात शिपाई मागच्या दाराने थेट खोलीतच आला. तो शाळेचाच जुना विद्यार्थी होता, डोक्यावर केस उरले नव्हते तरी बाईंचे नाव निघाले की त्याच्या टाचा जुळत. निरीक्षकांच्या काखेखालून त्याला चित्र दिसले आणि त्याचा जबडा खाली आला.

“बाई ह…”

“तोंड मिटा,” दंतवैद्य घाईने म्हणाले. हे शब्द ते हयातीत प्रथमच उच्चारत होते. “मिटा आणि मिटलेलंच ठेवा.”

बाई आल्या. पदर सारखा करत, झोपेतून उठलेल्या तरी ताठ. त्यांनी पोराकडे पाहिले, त्याच्या हातांकडे पाहिले.

“हे काय? कबड्डी?”

“काही नाही, आई. चित्राला वारा लागू नये म्हणून.”

“सरक.”

निरीक्षकांनी एकदा बायकोकडे पाहिले. ती उभी राहिली होती, पदराचे टोक मुठीत घट्ट धरून. तिने मान हलवली: सरका. ते सरकले.

बाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. खोलीत तव्याची बारीक टिकटिक तेवढी होती. शिपाई टाचा जुळवून छताकडे बघत होता. बाई बघत राहिल्या, बघत राहिल्या. एकदा मान डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. निरीक्षकांना वाटले, आता वर्गाबाहेर उभे राहावे लागणार, सगळ्यांनाच.

“आई, माझं चुकलं,” बायको म्हणाली. “पण हेच खरं होतं, म्हणून…”

“थांब.” बाईंनी हात वर केला. “एवढे दिवस त्या खुर्चीत बसवलंस मला. पाठीचा काटा ढिला झाला.”

“हो, आई.”

“पण तू जेवढं माझ्याकडे बघितलंस ना, तेवढं कुणी बघितलं नाही. ह्याच्या वडिलांनी नाही. ते पेपर बघायचे. ह्यानं नाही. हा माझा हात येताना दिसला की डोळे मिटायचा. आणि आरशात मी बघायचे ते भांग सरळ आहे का एवढंच.” बाई थांबल्या. एवढे लांब वाक्य त्या घरात खडूशिवाय बोलल्या नव्हत्या. “तेव्हा मी कशी दिसते ते तुलाच ठाऊक. तू काढलंयस ते बरोबरच असणार. जसं आहे तसं जाऊ दे शाळेत. कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव.”

बायकोच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आले. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आधी जरा अंदाज चुकला आणि तो कानावर पडला, पण मग डोक्यावर आला. दंतवैद्य खिडकीकडे तोंड करून उगाच डबे मोजत होते. शिपायाने नमस्कार करावा तसे दोन्ही हात चित्राच्या कडांना लावले आणि ते छातीशी धरून उचलले. आतल्या हसणाऱ्या बाई पहिल्यांदाच उन्हात आल्या आणि मधासारख्या पेटून उठल्या. निरीक्षकांना वाटले, हा क्षण मोजायला आपल्या खात्याकडे वजन नाही.

“थांब रे जरा,” बाई म्हणाल्या. “माझा जवळचा चष्मा तेवढा आणून द्या कुणीतरी. उशीखाली असेल.”